तळ्याची पातळी शून्य

१

ओरोझाली मधवाल्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी गाळाखाली सापडलं. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या मृत्यूचा गुन्हेगारही सापडला, तो कागदावर.

कागद मेलिसच्या टेबलावर होता. जिल्ह्याच्या पूर-इशारा कार्यालयाचा तो प्रमुख. त्या कागदावर सही करण्यासाठी त्याने जिपारला बिश्केकहून बोलावून घेतलं होतं. डोंगरावरच्या हिमतळ्याची पातळी मोजणारं आणि धोका दिसताच अक-चाप गावातला भोंगा वाजवणारं यंत्र तिने बसवलं होतं. सहा जुलैला पहाटे तळं फुटलं. भोंगा वाजला नाही.

"बस, कारिंदाश," मेलिस म्हणाला. धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं तो तिला नेहमी म्हणायचा. "आधी चहा घे. तळलेले बोरसोक गरम आहेत. मग एक सही, आणि तू मोकळी."

"मेलिस बायके, आधी वाचते." तीही त्याला थोरल्या भावासारखी हाक मारायची.

एकच पान होतं, छापलेलं. डोंगरावरच्या ठाण्यातल्या संगणकाच्या नोंदवहीतलं. संगणक लिनक्सवर चालायचा आणि सुरू होताना कोणकोणतं उपकरण सापडलं ते ओळीने लिहून ठेवायचा. लाल शाईने अधोरेखित केलेल्या ओळीत म्हटलं होतं: एक जानेवारी, शून्य वाजून शून्य मिनिटं चौदा सेकंद. नवं उपकरण सापडलं. सिरियल नंबर ०००१.

"तू संगणकाला लावलेल्या त्या मापाच्या डब्यांचे नंबर वेगळे होते ना?" मेलिसने विचारलं. "त्या खऱ्या डब्या काढून कोणीतरी बाजारातल्या हलक्या डब्या लावल्या. कधी, ते यंत्रानेच लिहून ठेवलंय. एक जानेवारी, बरोबर मध्यरात्री. आणि हे हजेरीचं रजिस्टर." त्याने वही फिरवून तिच्यासमोर धरली. "एकतीस डिसेंबर ते दोन जानेवारी, ठाण्यावर एकटी राखणदार, अनारकुल. अख्खा देश नवं वर्ष साजरं करत होता आणि ही बाई चोरी करत होती."

"चोरी करून काय केलं तिने?"

"विकल्या असतील. मला काय ठाऊक? वर त्या पहाटे ठाणं सोडून भटकायला गेली होती, हेही तिने कबूल केलंय. तीन वाजता इथेच चौकशी आहे. सरकारी तपासनीस येतोय, गावही येतंय. तांत्रिक सही तेवढी तुझी हवी. तिला सात वर्षं तरी होतील."

जिपारने कागदाची घडी घालून पिशवीत ठेवला. राग चढला की तिचा आवाज वर जायचा नाही, खाली जायचा. आता तो इतका खाली गेला की मेलिसला पुढे वाकावं लागलं.

"मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही करत नाही. मला वर जायचंय."

"आत्ता? अगं, रस्ता निम्मा वाहून गेलाय!"

"निम्मा आहे ना अजून?"

ती उठली. बाहेर पडताना दारापाशी काचेचं कपाट लागलं. मार्च महिन्यात परदेशी पाहुणे येऊन गेले, त्यांच्यासाठी मांडलेलं प्रदर्शन. डोंगराची लाकडी प्रतिकृती, निळ्या रंगाचं तळं, छोटासा भोंगा, दोन करड्या डब्या. आतला हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

गाव वाहून गेलं, पण हे मात्र चालू आहे, असं तिच्या मनात आलं आणि ती संतापाने पायऱ्या उतरली.

२

गाडी इस्काक चालवत होता. कार्यालयाचा ड्रायव्हर, वायरमन आणि पडेल ते काम करणारा. रविवारच्या बाजारात तो जुने सुटे भाग विकतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

अर्धा तास गाडी चढत राहिली. मग नदीचा काठ आला, म्हणजे पूर्वी जिथे काठ होता ती जागा. दगडगोट्यांच्या चिखलात एक पिवळी मधपेटी उलटी रुतलेली होती. तिच्याभोवती अजून मधमाशा घोंघावत होत्या.

"माझ्याकडे असं बघू नका, एजे," इस्काक एकदम म्हणाला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "कार्यालयात सगळे तसंच बघतात. मी मोटारींचे भाग विकतो, सरकारी नाही."

"मी काही म्हणाले का?"

"नाही म्हणालात. पण मी आधीच सांगतो. मी ड्रायव्हर आहे. जो स्क्रू पिळ म्हणतील तो पिळतो."

"कोण म्हणतं?"

त्याने गिअर बदलला आणि रेडिओ लावला.

अनारकुलचं घर गावाच्या वरच्या टोकाला होतं. खिडकीची काच फुटलेली, तिथे उशी कोंबलेली. दारावर कोणीतरी शेण फेकलं होतं. बावन्न वर्षांची, उन्हाने रापलेली अनारकुल आतून म्हणाली, "दगड मारायचे असतील तर मागच्या बाजूने मारा, पुढची काच संपली."

"एजे, मी जिपार."

दार उघडलं. अनारकुलने तिला आत घेतलं, पियाल्यात चहा ओतला आणि समोर बसून एकटक पाहत राहिली.

"तू पण सही करायला आलीस, पोरी?"

"विचारायला आले. सहा तारखेला पहाटे काय झालं? जसं झालं तसं सांगा."

"रात्रभर वीज नव्हती. बॅटऱ्याही मेल्या. पाचच्या सुमाराला वीज आली, यंत्र आपोआप सुरू झालं. मी पडद्याकडे पाहिलं. तळ्याची पातळी शून्य." ती कडवट हसली. "शून्य! जुलै महिन्यात! आठवडाभर ऊन असं की बर्फ घामासारखा गळत होता, आणि तळ्यात म्हणे पाणीच नाही. खाली पावसाचा आकडा बघावा, तर चारशे बारा. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. म्हटलं, यंत्राला वेड लागलं."

जिपारचा पियाला ओठांपाशीच थांबला. "पाऊस चारशे बारा? नक्की?"

"माझे डोळे शाबूत आहेत. मग मी काठी घेतली आणि तळं बघायला वर निघाले. यंत्रावर विश्वास नसेल तर माणसाने काय करायचं? पाय आहेत ना! ह्यालाच तो मेलिस भटकणं म्हणतो. चढायला चाळीस मिनिटं लागली. कड्यावरून बघते तर तळ्याचा बांध खचत होता. तिथूनच रेडिओवर ओरडले. अकरा घरं बाहेर पडली. ओरोझालीकडे रेडिओ नव्हता." ती थांबली. "त्याला भोंगा ऐकू आला असता. भोंगा ऐकू आलाच असता."

उशी कोंबलेल्या खिडकीतून वारा शीळ घालत होता.

"त्या डब्यांना तुम्ही कधी हात लावला होता?"

"हात नाही लावला. धूर दिला. नौरुझच्या सणाला, एकवीस मार्चला, घराला देतो तसा आर्चाच्या फांद्यांचा धूर सगळ्या ठाण्यात फिरवते. भिंतींना, टेबलाला, तुझ्या त्या यंत्राच्या मागेपुढे. झाकण उघडं होतं, तर आतसुद्धा. मेलिसला कळलं तेव्हा केवढा ओरडला! म्हणे अडाणी बाई, सरकारी यंत्राला दृष्ट काढतेस?" तिने जिपारचा हात धरला. "खरं सांग, माझ्या धुरानेच तर बिघडलं नाही ना ते? चार दिवस मी हेच घोकतेय. कोणी गळा दाबला तरी चालेल, पण हे मला कळलं पाहिजे."

"बघून सांगते," जिपार म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलंच नव्हतं.

३

ठाणं म्हणजे कड्याखालची एक दगडी खोली. आत शिरताच आर्चाचा वास आला, जळलेल्या देवदारासारखा, राळेचा. साडेतीन महिने उलटले तरी तो गेला नव्हता.

जिपारने खिशातून पांढरा रुमाल काढला. टेबल पुसलं, रुमालावर फिकट तपकिरी डाग. संगणकाची पेटी पुसली, डाग. पेटी उघडून आतल्या तारा पुसल्या, तिथेही डाग. मग पेटीच्या मागे लावलेल्या दोन करड्या डब्या. सिगारेटच्या पाकिटाएवढ्या, एकीत तळ्याची तार येते, दुसरीत पर्जन्यमापकाची.

रुमाल पांढराच राहिला.

तिने तो पुन्हा फिरवला. पुन्हा पांढरा.

दारात उभा असलेला इस्काक पाहत होता. त्याने नजर वळवली.

"वीज बंद करा," ती म्हणाली. "बॅटरीची तारही काढा. मला यंत्र अगदी थंड सुरू झालेलं बघायचंय."

यंत्र बंद झालं. पाच मिनिटांनी वीज सोडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. संगणक जागा होताना जणू हजेरी घेत होता. ज्याला ज्याला जोडलेलं आहे त्याला विचारतो, तू कोण? ज्याने उत्तर दिलं, त्याचं नाव लिहितो. जिपारने तारा बसवल्या तेव्हा मुद्दाम अशा डब्या निवडल्या होत्या, की कारखान्यातूनच प्रत्येकीच्या पोटात वेगळा नंबर होता. या नंबरची डबी म्हणजे तळं, त्या नंबरची म्हणजे पाऊस, असा नियम तिने लिहिला होता. मग कोण आधी उत्तर देतं आणि कोण नंतर, याने काही बिघडणार नव्हतं.

पडद्यावर ओळ आली: नवं उपकरण, सिरियल नंबर ०००१. पाठोपाठ दुसरी: नवं उपकरण, सिरियल नंबर ०००१.

जुळ्या. दोघींचा नंबर एकच. बाजारातल्या नकली डब्यांचं हे नेहमीचंच, कारखानदार सगळ्यांना एकच नंबर चिकटवतो.

"पण मग," ती स्वतःशीच पुटपुटली, "माझा नियम यांना ओळखणारच नाही. तळंही नाही, पाऊसही नाही. पडदा कोरा राहायला हवा. तरी इतके महिने आकडे येत होते. म्हणजे कोणीतरी नियमच बदललाय."

तिने नियमांची फाइल उघडली. तिच्या जुन्या ओळी पुसलेल्या होत्या. त्यांच्या जागी दोनच ओळी. जी डबी आधी सापडेल ती तळं. जी नंतर सापडेल ती पाऊस.

आता सगळं लख्ख दिसलं. बहुतेक वेळा तळ्याची डबी आधी जागी व्हायची आणि नशिबाने सगळं बरोबर चालायचं. सहा जुलैला पावसाची डबी आधी जागी झाली. कोरड्या आकाशातला पाऊस, शून्य, तळ्याच्या खात्यात गेला. आणि तळ्याचं चारशे बारा सेंटिमीटर पाणी पावसाच्या खात्यात. चारशे वीसला भोंगा वाजायचा होता. पाणी चारशे वीस झालं, चारशे चाळीस झालं, आणि भोंगा निरभ्र आकाशाकडे कान लावून गप्प बसून राहिला.

कोणी लिहिल्या या ओळी? तिने पडदा खाली सरकवला.

दोन ओळींच्या खाली एक टीप होती: फक्त प्रदर्शनासाठी. वर ठाण्यात हे कधीही करू नका.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती टीप आणि त्या दोन्ही ओळी, अक्षरन् अक्षर, तिच्या स्वतःच्या होत्या.

४

ती बाहेर येऊन दगडावर बसली. मोबाइलला इथे रेंज नव्हती, पण जुने संदेश होते. तिने बोट सरकवत सरकवत मार्च महिना गाठला.

सत्तावीस मार्च, सकाळी सात चाळीस. मेलिसचा संदेश: कारिंदाश, पाहुण्यांसाठी कार्यालयात छोटं प्रदर्शन मांडतोय. साध्या डब्या आहेत, नंबर जुळत नाहीत, पडद्यावर काही येत नाही. सोपा उपाय सांग.

आणि तिचं उत्तर, त्या दोन ओळी आणि खाली ती टीप. विद्यार्थ्यांचे पेपर तपासता तपासता एका हाताने लिहिलेलं.

म्हणजे या ओळी सत्तावीस मार्चच्या आधी जगात कुठेच नव्हत्या. एक जानेवारीला अनारकुलने त्या लिहिणं शक्यच नव्हतं. धुरानेही तेच सांगितलं होतं: नकली डब्या नौरुझनंतर आल्या.

पण छापील ओळ? यंत्र खोटं का लिहील? सही नाकारायला इतकं पुरलं असतं. पण सही नाकारल्याने अनारकुल सुटत नव्हती. तपासनीस विचारणारच, मग ही तारीख कुठून आली?

ती आत गेली आणि नोंदवही उघडली, मेलिसने छापलेलं एक पान नव्हे, पूर्ण. सगळ्यात शेवटची नोंद आत्ताची होती. यंत्र सुरू झाल्याची.

एक जानेवारी, शून्य वाजून शून्य मिनिटं चौदा सेकंद.

जिपारने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊ जुलै, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं.

तिने पेटीतली घड्याळाची बॅटरी उचकटून काढली. बटणाएवढी, चपटी. वीज पूर्ण गेली तरी संगणकाला तारीख लक्षात राहावी म्हणून असते ती. जिभेला लावून पाहिली. मेलेली. वीज पूर्ण गेली की यंत्र तारीख विसरायचं आणि एक जानेवारीच्या मध्यरात्रीपासून मोजायला लागायचं. मग चार-पाच मिनिटांनी उपग्रहाकडून खरी वेळ मिळाली की पुढच्या ओळींत खरी तारीख. वर्ष तर ही नोंदवही लिहीतच नसे.

तिने एक जानेवारी शोधायला लावलं. चार वेळा सापडली. एक आत्ताची. एक सहा जुलैच्या ओळींमध्ये. एक मे महिन्यात. आणि सगळ्यात पहिली, जिच्याखाली मेलिसने लाल रेघ मारली होती, तिच्या वरची ओळ होती: सत्तावीस मार्च, दुपारी एक वाजून पाच मिनिटं, यंत्र बंद करत आहे. तिच्या खाली: सत्तावीस मार्च, एक वाजून एकतीस मिनिटं, वेळ दुरुस्त केली.

खऱ्या एक जानेवारीला यंत्र सुरू झालंच नव्हतं. डिसेंबरपासून ते अखंड चालू होतं.

"इस्काक," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की तो चार पावलं पुढे आला. "सत्तावीस मार्चला तुम्ही कोणाला इथे आणलंत?"

इस्काकने टोपी काढली. ती हातात फिरवत राहिला.

"माझ्या दोन मुली आहेत, एजे. ही नोकरी गेली तर..."

"ओरोझालीलाही दोन मुली होत्या. कोणाला?"

५

तीन वाजता कार्यालयाच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. गावातले लोक चिखलाच्या बुटांनीच आले होते. पुढच्या बाकावर ओरोझालीची बायको बात्मा, काळ्या रुमालात. कोपऱ्यात अनारकुल, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या.

सरकारी तपासनीस बारीक अंगाचा, कंटाळलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. "सही झाली का?" त्याने विचारलं.

"झाली नाही," जिपार म्हणाली. "होणारही नाही. या पानावरची तारीख खोटी आहे."

गलका झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "बिश्केकची बाई तिला वाचवायला आलीय!"

"मोठ्याने बोल!" दुसरा म्हणाला. "काही ऐकू येत नाही!"

"मग गप्प बसा, म्हणजे येईल," जिपार तेवढ्याच आवाजात म्हणाली. दालन गप्प झालं.

तिने तपासनिसापुढे नवं पान ठेवलं. "हे मी आज दुपारी बारा वीसला यंत्र सुरू केल्यावर छापलं. इस्काक माझ्या शेजारी उभा होता. तारीख वाचा."

तपासनिसाने वाचलं. भुवया वर गेल्या. "एक जानेवारी. मध्यरात्र."

"आज दुपारी मीही चोरी करत होते म्हणायची. या यंत्राला तारीख आठवत नाही. ओळीत लिहिलेल्या तारखेवर जाऊ नका, ओळीच्या जागेवर जा. वर सत्तावीस मार्च, खाली सत्तावीस मार्च. मधली ओळ कधीची असेल?"

"ठीक आहे, मार्चची," मेलिस मध्येच म्हणाला. त्याचा चेहरा अजून शांत होता. "माझी चूक. ती तारीख मी जशी दिसली तशी वाचली, मी काही संगणकवाला नाही. पण मार्चमध्ये डब्या बदलल्या असतील तर त्याही अनारकुलनेच. नाहीतर या इस्काकने. हा बाजारात काय विकतो, विचारा गावाला!"

"विकत नाही मी सरकारी!" इस्काक भिंतीपासून किंचाळला.

"सत्तावीस मार्चला ठाण्यावर कोण होतं?" तपासनिसाने विचारलं.

जिपारने हजेरीचं रजिस्टर उघडलं. "अनारकुल एजे रजेवर. शेजारी शेरा आहे, वार्षिक तपासणी, प्रमुख स्वतः ठाण्यावर. सही मेलिस बायकेंची. वार्षिक तपासणी ऑक्टोबरात होते. मार्चमध्ये, बर्फात, शेवटचे दोन तास घोड्यावरून कसली तपासणी केलीत, बायके?"

मेलिसने रजिस्टर मिटायला हात पुढे केला.

"मी सांगते. एकोणतीस मार्चला पाहुणे येणार होते. ज्यांनी ही यंत्रं दिली तेच. त्यांच्या यादीत डब्यांचे नंबर आहेत आणि ते प्रत्येक नंबर ताडून बघणार होते. वर जायला रस्ता नाही. मग तुम्ही डब्याच खाली आणल्या. पण पाहुण्यांना पडद्यावर तळ्याचे चालते आकडेही दाखवायचे होते, म्हणून वर लावायला नकली घेतल्या. निघण्याआधी इथे जोडून बघितल्या, त्या चालेनात, तेव्हा उपाय मला विचारलात. प्रदर्शनासाठी म्हणून. मी सांगितला. इस्काकने तो वर उतरवला, माझ्या टिपेसकट, कारण त्याला वाटलं तीही यंत्राचीच भाषा आहे."

"जसं लिहिलं होतं तसं टाईप केलं," इस्काक म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "हे म्हणाले, एक अक्षर चुकवू नकोस. मी एक अक्षर चुकवलं नाही."

"कल्पना आहेत या सगळ्या!" मेलिस उठला. "खऱ्या डब्या कुठे आहेत? दाखव! मी घरी नेल्या? माझं घर शोधा!"

"घर कशाला शोधायचं? आज सकाळी मी त्यांच्यासमोरून गेले. तुम्ही रोज दोनदा जाता. हे सगळे लोक आत येताना त्यांच्यासमोरूनच आले."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. काचेच्या कपाटात हिरवा दिवा लुकलुकत होता.

"किल्ली," तपासनीस म्हणाला.

"ते प्रदर्शन आहे. पाहुण्यांचं..."

"किल्ली द्या."

डब्या टेबलावर आल्या. जिपारने नवा रुमाल काढला आणि दोन्हींवरून फिरवला. तपकिरी डाग. तिने तो तपासनिसाला दिला, त्याने हुंगला, आणि आपोआप त्याच्या तोंडून निघून गेलं, "आर्चा."

"या कार्यालयात आर्चा कधी जळतो, बायके? तुम्ही तर अडाणी म्हणता तसं करणाऱ्यांना. एकवीस मार्चला या डब्या वर होत्या, अनारकुल एजेंच्या धुरात. मागचे नंबर वाचा आणि पाहुण्यांच्या यादीशी ताडून बघा. आता ताडायला कोणी घाई करत नाही."

तपासनिसाने नंबर वाचले. यादी पाहिली. पुन्हा वाचले. मग पेन खाली ठेवलं.

"दोन दिवसांसाठी होतं," मेलिस म्हणाला. त्याचा आवाज आता म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "फक्त दोन दिवस. पाहुणे होते! पाहुण्यांपुढे रिकामं कपाट ठेवायचं? नंतर परत लावणारच होतो. मग बर्फ पडला. मग दुसरं शिष्टमंडळ यायचं ठरलं. वर सगळं चालूच होतं की! आकडे येत होते!"

"येत होते," जिपार म्हणाली. "नशिबाने. आणि तळं फुटल्यावर? तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्या ओळीत एक जानेवारी कुठून आली हे तुम्हाला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. त्या दिवशी एक बाई ठाण्यावर एकटी होती, तेवढं तुम्हाला पुरलं."

६

बात्मा उठली. कोणी तिला अडवलं नाही. ती टेबलापाशी आली आणि दोन्ही डब्या उचलून तळहातावर ठेवल्या.

"ह्या?" तिने विचारलं.

जिपारने मान हलवली.

"एवढ्याशा?" बात्माने हात वरखाली करून त्यांचं वजन पाहिलं. "माझा माणूस नव्वद किलोचा होता." ती मेलिसकडे वळली. "आणि ह्या इथे होत्या. काचेत. दिवा लावून."

तिने त्या फेकल्या असत्या तर कोणी काही म्हणालं नसतं. पण अनारकुल कोपऱ्यातून आली आणि तिने आपली ओंजळ पुढे केली.

"दे इकडे, बात्मा. उजेड आहे तोवर वर पोचायला हवं. तळ्यात अजून पाणी आहे."

बात्मा तिच्याकडे वळली. मग डब्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. मागच्या रांगेतल्या ज्यांनी दगड मारले होते ते बुटांकडे बघत उभे होते. एकाने बाजूला होऊन वाट दिली. अनारकुलने त्याच्याकडे बघितलंही नाही.

तपासनिसाने कोरा कागद जिपारपुढे सरकवला. "तुमचा अहवाल. आता तरी सही कराल?"

तिने अर्धं पान लिहिलं. शेवटी थांबली, आणि आणखी एक परिच्छेद घातला. हिवाळ्यात तळं आटतं म्हणून शून्य ही पातळी मी ग्राह्य धरली होती. जुलैमध्ये तळं शून्य असू शकत नाही, हे अनारकुल एजेंना एका नजरेत कळलं; माझ्या प्रोग्रामला कळलं नाही, कारण मी ते त्यात लिहिलं नव्हतं. घातक ओळीही माझ्याच आहेत. कोणत्या डब्या, कशासाठी, हे मी विचारलं नाही.

"हे घालायची गरज नाही," तपासनीस हळूच म्हणाला. "तुमच्यावर येईल."

"यायलाच हवं," ती म्हणाली आणि सही केली.

सहा वाजता ते तिघं वर पोचले. इस्काकने एक शब्द न बोलता डब्या बसवल्या, जिपारने घड्याळाची नवी बॅटरी घातली आणि आपले जुने नियम परत लिहिले. त्यांच्याखाली एक नवा: मे ते सप्टेंबर, पातळी शून्य आली तर भोंगा वाजवा.

"एजे," ती म्हणाली, "तुमच्या धुराने काही बिघडलं नव्हतं."

अनारकुल बूट घालत होती. तिने मान खाली घातली, आणि तिचे खांदे क्षणभर हलले. मग तिने नाडी घट्ट ओढली.

यंत्र सुरू झालं. तू कोण, त्याने विचारलं, आणि दोघींनी आपापला नंबर सांगितला. तळ्याची पातळी, एकशे सव्वीस. पाऊस, शून्य.

"आलं बघा! एकशे सव्वीस!" इस्काक म्हणाला.

खोलीत उत्तर द्यायला अनारकुल नव्हती. दारामागची तिची काठीही नव्हती; बाहेर कड्याच्या वाटेवर, तळ्याच्या दिशेने, ती चढायला लागली होती.